वाढीच्या दिवसांत भातखाचर आणि परसबाग : वाचकांचे प्रश्न

आषाढ-श्रावणात खान्देशातून येणाऱ्या बहुतेक पत्रांत पीक पिवळे पडल्याची किंवा कोमेजल्याची तक्रार असते आणि शेवटी "कोणते औषध मारू?" एवढेच विचारलेले असते. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहे.

गिलक्याच्या वेलाला फुले भरपूर आहेत, पण फळ धरत नाही. (पारोळा)

सुरुवातीची फुले नरफुले असतात; मागे बारीक गिलके असलेली मादीफुले दिसेपर्यंत थांबावे आणि सकाळी, मधमाश्या फिरत असताना, काहीही फवारू नये.

लावणीनंतर तीन आठवड्यांनी भात पिवळे पडले. दुकानदाराने युरिया आणि एक टॉनिक दिले आहे. टाकावे का? (नवापूर)

आधी रोप उपटून हातात घ्यावे. पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांच्या टोकापासून सुरू होत असेल तर नत्र कमी असण्याची शक्यता असते. कोवळी पाने पांढरट-पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसत असतील तर लोहाची उणीव आहे का ते पाहावे. खालच्या पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके असतील आणि खाचरात जागोजागी रोपे खुजी राहिली असतील, तर ती बहुधा जस्ताची उणीव आहे, आणि ती युरियाने भरून निघत नाही. उलट जादा नत्राने पाने लुसलुशीत होऊन करपा रोगाला आणि खोडकिड्याला वाट मिळते. जस्ताची खात्री झाल्यास लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विरी गेलेला चुना मिसळून फवारावे. नत्राचीच उणीव निघाली तर खाचरातले पाणी काढून युरिया द्यावा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाणी बांधावे, कारण तुडुंब भरलेल्या खाचरात फेकलेला युरिया पाण्याबरोबर बांधाबाहेर जातो. टॉनिकच्या बाटलीवर घटक आणि त्यांचे प्रमाण छापलेले नसेल तर ती परत करावी व पक्के बिल मागावे. २०२१ पासून अशी जैव-उत्तेजकेही (वाढीला चालना देणारी टॉनिके) खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे "शेजाऱ्याला फरक पडला" हा विक्रेत्याचा पुरावा मानण्याचे कारण नाही. मुळे काळी पडून कुजकट वास येत असेल तर पत्राच्या उत्तराची वाट न पाहता रोप घेऊन त्याच दिवशी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात जावे. फुटवे (बुडातून निघणारे नवे कोंब) फुटण्याचे दिवस निघून गेल्यावर दिलेला सल्ला उपयोगी पडत नाही.

वांग्याचे शेंडे माना टाकतात. पाणी वाढवू का? (यावल)

नाही. शेंडा चिरून पाहावा, आत अळी सापडेल. असे शेंडे अळीसकट कापून नष्ट करावेत, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावावेत आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. फळांनाही छिद्रे दिसत असतील तर रासायनिक औषध तज्ज्ञांना विचारूनच निवडावे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या. झाड बरे होईल का? (शिरपूर)

होणार नाही. हा विषाणूजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. ते झाड आजच उपटावे.

काल फवारणी केली. आज तोडा केला तर चालेल का? (चोपडा)

डब्याच्या लेबलवर दिलेला प्रतीक्षा कालावधी (फवारणी आणि तोडा यांत सोडायचे दिवस) संपल्याशिवाय भाजी बाजारात नेऊ नये आणि घरीही शिजवू नये. लेबल फाटले असल्यास कालावधी अंदाजाने ठरवू नये, कृषी अधिकाऱ्यांना विचारावा.