जन्मठेप म्हणजे 14 वर्षंच असते का?

नाही हो. आमच्या बीड-परभणीकडं कोर्टाबाहेर सगळे हेच सांगायलेत, आत असलेल्याच्या घरचे त्याच आकड्यावर वर्षं मोजत बसतात, लई वाईट वाटतं. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, सुप्रीम कोर्टानं 1961 मधीच गोपाळ गोडसे केसमधी क्लिअर केलंय. 14 चं असंय की ज्या गुन्ह्यात फाशीपण होऊ शकते, म्हणजे खून वगैरे, त्यात जन्मठेप लागली तर 14 वर्षं आत काढल्याबिगर सरकारला शिक्षेत माफी देऊन सोडता येत नाही, आधी हे फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्यात, सीआरपीसीत, कलम 433-अ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसमधी कलम 475. तेवढी झाल्यावरपण सुटका हक्क म्हणून मिळत नाही, सोडायचं का ते सरकार विचार करून ठरवतं. अन् कायद्यात जन्मठेप 20 वर्षांची धरतात, तो आकडा नुसता शिक्षेचा हिस्सा, म्हणजे अर्धी, पाव शिक्षा, मोजायपुरता.