दाराची पट्टी गेली, झड घरात येते, खर्च कोणाचा?

प्रश्न : रत्नागिरीत समुद्राच्या बाजूच्या घरात आम्ही बारा वर्षं भाडेकरू आहोत. भाडं महिना २,००० रुपये. पश्चिमेच्या दाराची रबरी पट्टी झिजलीय, पावसाची झड थेट आत येते. मालक म्हणतात, पट्टी तुमची तुम्ही घाला. भाडं थांबवू का?

उत्तर : भाडं मुळीच थांबवू नका. थकबाकी झाली की मालकाच्या हाती आयतंच कोलीत मिळतं. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वजा करता येतो, पण रीतीने.

आधी करारपत्र काढा. दुरुस्ती भाडेकरूने करायची असं त्यात लिहिलं असेल, तर विषय तिथेच संपतो. कागद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तरी पुढचं लागू नाही. तसं काही नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाकडे येतं. मात्र ती पट्टी मुळात तुम्हीच बसवलेली असेल, तर बाजू लंगडी पडते.

नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. ती मालकाला मिळाल्यापासून १५ दिवस मोजायचे, तुम्ही लिहिली त्या तारखेपासून नव्हे. ‘पट्टी खराब’ एवढंच लिहू नका. पाणी आत येतं, चौकट कुजतेय, असं लिहा. फोटोही रबराचा नको, उंबरठ्याच्या आत साचलेल्या पाण्याचा हवा. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा. ती अलगद ओढून निघाली, तर फट आहे. याचा व्हिडिओ काढून ठेवा.

पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर काम करून घ्या. सात बाय तीन फुटांच्या दाराला तीन बाजूंनी १७ फूट पट्टी लागते, १८ घ्या; खाली तीन फूट ब्रशची पट्टी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, खाऱ्या हवेत लोखंडी टिकत नाहीत. पट्टी जाड घेतली की पावसात फुगलेलं दार लागत नाही, मग सुतार रंधा काढतो. तो मारू देऊ नका! पावसाळा सरला की लाकूड आटतं, फट पुन्हा पडते आणि ‘माझं दार तासलं’ ही मालकाची तक्रार वर.

वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमच्या बाबतीत ६,००० रुपये. दुकानाचं बिल तुमच्या नावावर, सुताराची सही केलेली पावती सोबत. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या मालकावर बंधनकारक असतात. उरलेलं भाडं चेकने द्या आणि सोबत वजावटीचा हिशेब लिहून द्या.