वाचक विचारतात: चित्रातला खिळा खरा वाटला म्हणून एवढे पैसे?

प्रश्न: फोटो एका क्लिकवर निघतो, मग हुबेहूब वस्तूंच्या चित्रांसाठी कलेक्टर मंडळी एवढे पैसे का मोजतात? मला तर ही नुसती कारागिरी वाटते.

उत्तर: अहो, अमेरिकेत विल्यम हार्नेटच्या चित्रांबद्दल त्या काळचे बरेच समीक्षक हेच म्हणायचे, नुसती हातचलाखी! पण गिऱ्हाईक होतं व्यापारी, दुकानदार असलं. त्याचं १८८५ चं 'आफ्टर द हंट' थिओडोर स्टुअर्टने घेतलं आणि न्यूयॉर्कमधल्या आपल्या बारमध्ये टांगलं. बंदूक, शिंग, मेलेले पक्षी, सगळं एका जुन्या दारावर लटकवलेलं, आणि खरं की रंगवलेलं यावर पिणाऱ्यांच्या पैजा लागायच्या. म्हणजे मालकाला चित्र तर मिळालंच, वर रोज नवा माणूस फसताना बघायची मजा फुकट. फोटोने कोण फसतं हो?

यातली मेख सांगतो, वस्तू खऱ्या मापाच्या आणि दारापासून फार तर चार बोटं पुढे आलेल्या, त्यामुळे तुम्ही मान हलवलीत तरी डोळ्याला चटकन संशय येत नाही. फळांच्या परडीला हे जमत नाही, तिला मागे-पुढे बरंच अंतर दाखवावं लागतं. 'द ओल्ड व्हायोलिन' (१८८६) मध्ये तारांखाली राळेची पांढरी भुकटी सांडलीय, दाराला चीर गेलीय, वर्तमानपत्राचं कात्रण सुटत आल्यासारखं दिसतंय. सिनसिनाटीच्या प्रदर्शनात लोक हात लावून बघतील म्हणून तिथे पोलीस उभा केला होता!

आता कारागिरीचं. जॉन पीटो नावाचा त्याच्याच वळणाचा एक चित्रकार, हयातीत फारसं कोणी विचारलं नाही. हार्नेटला भाव आल्यावर पीटोच्या चित्रांवर कुणीतरी हार्नेटच्या खोट्या सह्या ठोकल्या आणि भलेभले कलेक्टर, म्युझियमवालेसुद्धा फसले. १९४० च्या दशकात आल्फ्रेड फ्रँकेनस्टाइन या समीक्षकाने ते उघडकीला आणलं. हार्नेटच्या नावावर खपलेल्या एका चित्रात रंगवलेल्या पाकिटावर पोस्टाचा शिक्का होता १८९४ चा, आणि हार्नेट गेला १८९२ ला. चित्र इतकं बारकाईने बघण्यासारखं, पण घेणाऱ्यांनी बघितली फक्त सही.

मला विचाराल तर पीटोच जास्त आवडतो. फाटकी पाकिटं, कोपरे दुमडलेली पुस्तकं, रंगही जरा विटके, तिथे फसवण्याची घाई नाही.