मुलगा अमेरिकन फुटबॉलच्या लाइनमध्ये खेळतोय, नेमकी काळजी कशाची करायची?

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा टेन्थ ग्रेडला आहे, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये घेतलं खरं पण कोचने ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे बॉल आपल्या टीमकडे असताना समोरच्यांना अडवणाऱ्या रांगेत टाकलं, बॉल कधी हातात येत नाही, नाव कधी पुकारलं जात नाही, आणि मुलगा आता म्हणतोय की मला पुढे कोचच व्हायचंय. बाबांचं म्हणणं, हे बंद कर आणि एसएटीच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या मागे लाग. ताईंचा प्रश्न, कोचने आमच्या मुलाला बाजूला टाकलंय का, आणि यात खरंच काही करिअर असतं का.

ताई, बाजूला वगैरे अजिबात टाकलेलं नाहीये. लाइनमध्ये पाच जण, मध्ये सेंटर, त्याच्या दोन्हीकडे गार्ड, कडेला टॅकल, आणि हे पाच जण ढिले पडले तर मागचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, कितीही भारी असू दे, आडवाच होतो. कबड्डीत पेपरात नाव चढाई करणाऱ्याचं येतं पण कोपरा सांभाळणारा कच्चा निघाला की मॅच गेलीच, तसंच हे. पुढच्या मॅचला बॉलकडे बघूच नका, फक्त मुलाच्या नंबरकडे बघा. एक हात गवताला टेकलेला, बॉल मागे गेला की पहिलं पाऊल जेमतेम वीतभर, कंबर खाली आणि दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर, आतल्या बाजूने. पंजे बाहेर घसरले आणि जर्सी धरली गेली की होल्डिंग, टीम दहा यार्ड मागे. हे सगळं दोन-तीन सेकंदात करायचं असतं, म्हणून ही शिकायची कला आहे, नुसत्या अंगाचं काम नाही.

करिअरचं म्हणाल तर तुमच्याच शहरात खेळून गेलेला माणूस आहे, माइक मन्चॅक. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचा, पेन स्टेटला शिकलेला, 1982 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, ह्यूस्टन ऑइलर्सने आठव्या नंबरवर घेतला आणि पुढची 12 सीझन एकाच टीमसाठी गार्ड म्हणून खेळला, 9 वेळा प्रो बोलला, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये निवडला गेला, 2001 मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे दिग्गजांच्या सन्मानयादीत. पण मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. 1993 नंतर खेळणं थांबवलं आणि 1994 मध्ये त्याच टीमच्या स्टाफमध्ये अगदी खालच्या पायरीवरचा असिस्टंट म्हणून लागला, एवढा मोठा खेळाडू असून! लाइन कोच व्हायला 1997 उजाडलं, त्याच वर्षी टीम टेनेसीला गेली आणि नंतर तिचं नाव टायटन्स झालं. 2009 च्या सीझनमध्ये टायटन्सचा क्रिस जॉन्सन बॉल घेऊन 2,006 यार्ड धावला तो मन्चॅकने घडवलेल्या लाइनमागून. 2011 ला हेड कोच झाला, तीन सीझनमध्ये 22 जिंकल्या 26 हरल्या, म्हणजे ते काही फार जमलं नाही. तेव्हा बातम्या आल्या होत्या की काही असिस्टंटना काढलंस तर राहा असं टीमचं म्हणणं होतं, त्याने ऐकलं नाही आणि नोकरी गेली. मग मुकाट्याने परत लाइन कोच, यावेळी पिट्सबर्ग स्टीलर्सकडे, आणि तिथे अलेहांद्रो विलानुएव्हा, अफगाणिस्तानात जाऊन आलेला आर्मीचा माजी अधिकारी, त्याच्या हाताखाली लेफ्ट टॅकल म्हणून तयार झाला आणि प्रो बोलपर्यंत पोचला.

आता एनएफएलपर्यंत फारच थोडे पोचतात, शाळेत खेळणाऱ्यांपैकी कॉलेजच्या टीममध्येसुद्धा बहुतेक जण जात नाहीत, त्या भरवशावर घर चालवायचा विचार नको. पण कोचिंग वेगळं. टेक्ससमध्ये पब्लिक स्कूलचे कोच बहुतेक शिक्षकच असतात, म्हणजे डिग्री हवी, शिकवायचं सर्टिफिकेट हवं, त्यामुळे बाबांना सांगा की कोच व्हायचं असेल तरी अभ्यास सुटत नाही, उलट तीच अट घाला मुलाला.

काळजी करायची ती डोक्याची, आणि इथे मी काहीही लपवणार नाही. स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर, तोही हॉल ऑफ फेमचा, 2002 मध्ये 50 व्या वर्षी गेला आणि त्याच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा आजार सापडला, एनएफएल खेळाडूमध्ये सापडलेली ती पहिली केस. लाइनमधल्या मुलाला एकच मोठा दणका बसतो असं नाही, जवळजवळ प्रत्येक प्लेला छोटे छोटे धक्के बसत राहतात आणि ते साठत जातात असं डॉक्टर सांगतात. म्हणून कोचला भेटा आणि सरळ विचारा की आठवड्यात फुल कॉन्टॅक्ट प्रॅक्टिस किती मिनिटं असते, आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारा माणूस, प्रॅक्टिसलाही हजर असतो का फक्त मॅचला. टेक्ससमध्ये 2011 पासून कायदा आहे, कन्कशनचा, म्हणजे डोक्याला दणका बसून मेंदूला झालेल्या इजेचा संशय आला की मुलाला लगेच बाहेर काढायचं, आणि हा संशय आई-बाबांना आला तरी चालतो, परत उतरायला डॉक्टरचं लेखी पत्र लागतं आणि तो डॉक्टर तुम्ही निवडू शकता. मॅचनंतर उजेड सहन होत नाही, उलटी झाली, तेच तेच विचारतोय असं दिसलं तर आईने चारचौघांत कसं बोलायचं म्हणून गप्प बसू नका. वजन वाढव म्हणून कोणी पावडरींचे डबे सुचवले तर आधी मुलाच्या डॉक्टरला दाखवा.

आणि कोचने ट्रेनरच्या प्रश्नाला नीट उत्तर दिलं नाही, किंवा मुलगा डोकं दुखलेलं तुमच्यापासून लपवायला लागला, तर त्या सीझनला त्याला थांबवा, मी तुमच्या बाजूने आहे.