वाचकांचे प्रश्न : उघडेना पडद्याचे कुलूप

प्रश्न : लिनक्सवरील केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप (पडदा, खिडक्या व मेनू दाखवणारी प्रणाली) अद्ययावत केल्यावर पडदा कुलूपबंद झाला आणि ‘स्क्रीन लॉकर बिघडला आहे’ असा संदेश आला. हिशेबाची फाइल जतन केलेली नाही. काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कृपया वीजबटण दाबू नका, आपली फाइल अजून मेमरीत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून लॉगिन करावे, ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ (loginctl list-sessions) या आज्ञेने आपल्या सत्राचा क्रमांक पाहावा आणि ‘लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन’ (loginctl unlock-session) या आज्ञेपुढे तो लिहावा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ किंवा एफ२ दाबून मूळ पडद्यावर परतून आधी फाइल जतन करावी.

पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम दर वेळी नव्याने सुरू होतो व डिस्कवरील नव्या क्यूटी लायब्ररी (प्लाझ्मा ज्यांवर चालतो ते तयार कोडचे संच) उचलतो, तर चालू सत्र जुन्याच लायब्ररींवर असते. हा विसंवाद झाला की तो कोसळू शकतो. तरीही पडदा बंदच राहतो, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. अद्ययावतीकरणानंतर लगेच संगणक पुन्हा सुरू करावा.