एआयनं लिहिलेली असाइनमेंट कशी पकडू?

प्रश्न: मी कॉलेजात शिकवते. मुलं असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. एखादा चांगला डिटेक्टर, म्हणजे एआयनं लिहिलेलं ओळखणारं टूल, सुचवाल का?

उत्तर: मॅडम, डिटेक्टरच्या भरवशावर कुणाला नापास करू नका प्लीज. ओपनएआयनं स्वतःचाच डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला, म्हणजे चॅटजीपीटी बनवणाऱ्यांनाच ते नीट ओळखता येईना, आणि डिटेक्टर चुकला की मनापासून लिहिणारं पोर फुकट अडकतं, माझ्या मनाला तर तेच जास्त लागतं. त्यापेक्षा मुलाला समोर बसवा, कच्चा ड्राफ्ट बघा, हा मुद्दा का घेतलास, अडलास कुठे, असं विचारा. वर्ग मोठा असेल तर सगळ्यांशी बोलणं जमणार नाही, मान्य, मग दरवेळी थोडी थोडी मुलं घ्या आणि मार्क त्या बोलण्यालाही ठेवा.