सिकलसेलचं कार्ड आणि शाळेचा दाखला

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं कार्ड हाती आलं की पालक दबक्या आवाजात विचारतात, 'हे शाळेला सांगावं का? लेकराला काढून तर नाही टाकणार?' किनवट तालुक्यातल्या एका आईच्या बाबतीत ही भीती खरी ठरायला आली होती. मुलगी सहावीत, खो-खोच्या संघात. शाळेतल्याच तपासणीत 'एएस' निघाली. झालं, संघातून नाव गेलं, डब्याला शेजारी कोणी बसेना. वर मुख्याध्यापकांचा निरोप. 'सर म्हणायलेत, दाखला काढून न्या. उद्या पोरीला काही झालं तर कोण निस्तरणार?' पदराच्या गाठीतून तिनं कार्ड काढून पुढं ठेवलं.

आधी ते नीट वाचलं. एएस म्हणजे वाहक, म्हणजे आजाराचं जनुक अंगात आहे पण आजार नाही; रुग्ण नव्हे. रुग्ण असतो तो एसएस. आणि दोघांपैकी कोणाचंच काही कोणाला लागत नाही. हे आई-बापाकडून रक्तात येतं, डब्यातून नाही.

एसएस असती तर दिव्यांग हक्क कायदा, 2016 थेट कामी आला असता. त्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. वाहकाला मात्र तो लागू नाही आणि नुसत्या जनुकावरून होणाऱ्या भेदभावासाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. अमेरिकेत 2008 साली झाला, तोही नोकरी आणि आरोग्य विम्यापुरता. म्हणून आम्ही शिक्षण हक्क कायदा, 2009 धरला. कलम 16 नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम 17 नुसार मानसिक छळालाही बंदी आहे.

आईनं अर्ज दिला: 'दाखला का काढायचा, ते कारण लेखी द्यावे.' पोच घेतली, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. तोंडी हुकूम सोडणारे कागद पाहिला की नरमतात, हा माझा अनुभव. इथंही दाखल्याचा विषय बंद झाला. नसता झाला, तर कलम 32 खाली लेखी तक्रार होतीच; तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी 'खेळायला हरकत नाही, पाणी भरपूर प्यावे' असं लिहून दिल्यावर संघात नावही आलं. डब्याचं काही अर्जानं सुटलं नाही. वर्गशिक्षिका आठवडाभर तिच्या शेजारी जेवायला बसल्या, तेव्हा एकेक पोरगी सरकत जवळ आली.

राहिला सांगण्याचा प्रश्न. मूल वाहक असेल तर शाळेला कळवलंच पाहिजे असं नाही. रुग्ण असेल तर वर्गशिक्षकांना जरूर सांगा: पाणी प्यायला अडवू नका, थंडीत बाहेर बसवू नका, ताप किंवा अंगदुखी सुरू झाली तर शाळा सुटायची वाट न बघता लगेच फोन करा.